दिनूच्या निमित्ताने

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. प्रकृती ठीक, रक्तदाब गोळीच्या धाकात आहे.

दिनू दवाखान्यात असल्याचे तुला मामांनी कळवले असेलच. दारू तुटल्यावर तिसऱ्या रात्री त्याला कंप सुटला, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या आणि तो तालमीतल्या वस्तादांना हाका मारू लागला. अशा अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो, असे डॉक्टर म्हणाले. जी सोडताना जिवावर बेतते तिला निव्वळ हौस कसे म्हणायचे, हा तुझा जुना मुद्दा मला तेव्हा आठवला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ सालीच दारूचे व्यसन हा आजार मानला, असे तू रंकाळ्यावर भेळ खाताना ऐकवले होतेस आणि मी म्हणालो होतो, की त्या असोसिएशनला दिनूच्या उधारीची वही एकदा दाखवली पाहिजे. त्यावरून तू महिनाभर अबोला धरलास!

अण्णांचे म्हणणे अजून तेच, ‘त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतले.’ विमा कंपनीही त्यांच्याच बाजूची निघाली. व्यसनावरील उपचार पॉलिसीतून वगळलेले आहेत. इकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मात्र दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मनोविकारांत गणतो.

पण मला खरे अडवले ते वहिनींनी. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, आजार म्हटले की मी रागवायचे कुणावर? माझ्या पाटल्या आजाराने विकल्या का?’ मधुमेही माणसाने जिलबी खाल्ली म्हणून त्याचा आजार खोटा ठरत नाही, हे उदाहरण माझ्या ओठांवर आले होते; पण मधुमेही बायकोच्या पाटल्या विकत नाही, हे वेळीच सुचले आणि गप्प बसलो.

मला वाटते, आजार तर तो आहेच. परंतु त्यामुळे पाटल्यांचा हिशेब मिटत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतील पहिलीच दारूपुढची हतबलता कबूल करायला लावते, आणि आठवी-नववी ज्यांना दुखावले त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करायला सांगते. ज्यांनी स्वतः हे भोगले त्यांना या दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्याशा वाटल्या, मग अण्णा आणि तू एकेकच धरून का बसता? पहिला पेला दिनूने हौसेने घेतला, तेव्हा आपण दोघेही समोर बसलो होतो. आपण तिथेच थांबलो आणि तो थांबू शकला नाही, यात आपली फारशी कर्तबगारी मला दिसत नाही. अण्णांना हे पटणार नाही, कारण ते पटले तर त्यांना दिनूला घरात घ्यावे लागेल.

तुझ्या बढतीबद्दल अभिनंदन; मुलीची बारावी कशी गेली ते कळव.

तू पुण्यातच आहेस, तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात प्रवेशाची चौकशी करून ठेव. तिथे घरच्या माणसांशी काय बोलतात, हेही आवर्जून विचार, कारण वहिनी पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत. आणि अण्णांना फोन तूच कर. माझा ते उचलत नाहीत.

तुझा,
विनू