मेग्ज यांच्या शॉर्टहँडच्या वह्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाच्या, घुमटावरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिला होता. पण वास्तुकार टॉमस वॉल्टर यांचे नाव त्यात चार वेळा आले आणि ज्या लष्करी अभियंत्याने त्या घुमटाचे काम सुरू करून दिले, त्या माँटगोमेरी मेग्ज यांचे एकदाही नाही. मी अभियंता नाही. बत्तीस वर्षे एका सरकारी कार्यालयात लघुलेखिका होते. मेग्ज माझ्या ओळखीचे झाले ते त्यांच्या वह्यांमुळे. १८५३ पासूनची त्यांची रोजनिशी पिटमनच्या शॉर्टहँडमध्ये आहे, म्हणजे आम्हा स्टेनो लोकांच्या लिपीत.

मेग्ज यांचा जन्म १८१६ चा, जॉर्जियातल्या ऑगस्टा गावचा. वाढले फिलाडेल्फियात, वडील डॉक्टर. १८३६ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून पाचव्या क्रमांकाने बाहेर पडले. पुढच्याच वर्षी सेंट लुईसजवळ मिसिसिपी नदीच्या पाहणीवर एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखाली गेले. त्या अधिकाऱ्याचे नाव रॉबर्ट ली. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात ली फुटून निघालेल्या दक्षिणेचे सेनापती झाले आणि मेग्ज उत्तरेच्या सैन्याचे क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे धान्य, कपडे, तंबू, घोडे-खेचरे, गाड्या, बोटी या सगळ्या पुरवठ्याचे प्रमुख.

माझी लेक वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला राहते. तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येणारे पाणी आजही मेग्ज यांनी आखलेल्या योजनेतून येते. १८५१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कॅपिटॉलमध्येच असलेल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला आग लागली आणि शहराला भरवशाचे पाणी नाही हे सर्वांना दिसले. मेग्ज यांनी पाहणी करून पोटोमॅक नदीच्या ग्रेट फॉल्सपासून बारा मैल लांब, नऊ फूट व्यासाचा विटांचा बंदिस्त कालवा सुचवला. ८ नोव्हेंबर १८५३ ला कुदळ पडली आणि डिसेंबर १८६३ मध्ये पोटोमॅकचे पाणी शहरात आले. या मार्गावर केबिन जॉन नावाच्या ओढ्यावर त्यांनी एकाच कमानीचा दगडी पूल बांधला. गाळा २२० फुटांचा. १९०३ पर्यंत जगात त्याहून मोठी एककमानी दगडी बांधणी नव्हती. जावयांनी मला त्या पुलावरून नेले. पूल इतका अरुंद आहे की एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडतात, आणि जलवाहिनी तुमच्या चाकांखाली असते. पुलावरच्या शिलालेखात जेफरसन डेव्हिस यांचे नाव होते, कारण काम सुरू झाले तेव्हा ते युद्धमंत्री होते. ते दक्षिणेचे अध्यक्ष झाल्यावर १८६२ मध्ये त्यांचे नाव छिन्नीने काढून टाकले गेले, आणि १९०९ मध्ये पुन्हा कोरले गेले. स्वतःचे नाव मात्र मेग्ज यांनी जलयोजनेत ठिकठिकाणी, अगदी लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा ओतवून घेतले होते. कुणाला हा गर्व वाटेल. मला त्यात आपण केलेल्या कामाची जबाबदारी आपल्या नावावर घेणारा माणूस दिसला.

आता घुमट. मेग्ज यांच्याकडे १८५३ मध्ये कॅपिटॉलच्या विस्ताराचे काम आले. जुना लाकडी घुमट उतरवून त्या जागी ओतीव लोखंडाचा, सुमारे चार हजार टनांचा घुमट चढवायचा होता. खालच्या भिंतींवर परांचीचा भार टाकता येत नव्हता. म्हणून मेग्ज यांनी मधल्या गोल दालनाच्या जमिनीवरूनच लाकडाचा मनोरा वर नेला आणि त्याच्या माथ्यावर क्रेन बसवली. ती वाफेच्या इंजिनावर चाले, आणि इंजिनात जळण म्हणून उतरवलेल्या जुन्या घुमटाचेच लाकूड वापरले. घुमटाची आकृती वॉल्टर यांचीच, तो मान त्यांचाच. पण दोघांचे पुढे इतके बिनसले की नकाशे कोणाच्या ताब्यात राहावेत यावर महिनोन्महिने वाद चालला. हे सगळे रोजनिशीत आहे, अर्थात मेग्ज यांच्या बाजूने. वॉल्टर यांची बाजू वाचल्याशिवाय त्यावर निवाडा देऊ नये असे मला वाटते.

रोजनिशीत मला सगळ्यात आवडली ती १८५४ च्या डिसेंबरातली नोंद. ब्रुमिडी नावाचे इटालियन चित्रकार काम मागायला आले. लालभडक नाकाचे, चुणचुणीत म्हातारे, असे मेग्ज लिहितात. दोघांनाही धड न येणाऱ्या फ्रेंचमध्ये बोलणे झाले. मेग्ज यांनी आधी एका समितीच्या खोलीत ओल्या गिलाव्यावर एक चित्र काढून दाखवा म्हटले. पुढे याच ब्रुमिडींनी पंचवीस वर्षे कॅपिटॉल रंगवले आणि घुमटाच्या आतले भव्य चित्रही त्यांचेच आहे. त्या पहिल्या भेटीचे असे टिपण आपल्या हाती लागते, कारण एक दमलेला कॅप्टन दिवस संपल्यावर वहीत भराभर रेघा ओढत बसायचा. ज्या वर्षी ही रोजनिशी सुरू झाली त्याच १८५३ मध्ये त्यांचे दोन लहान मुलगे गेले होते, हेही लक्षात ठेवून मी ती पाने वाचते.

आता ज्यांना शॉर्टहँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पिटमनमध्ये बारीक रेघ म्हणजे ‘प’, तीच रेघ जाड काढली की ‘ब’. ‘ट’ आणि ‘ड’ यांचेही तसेच, ‘क’ आणि ‘ग’ यांचेही. स्वर ठिपक्यांनी आणि छोट्या आडव्या खुणांनी दाखवतात, पण वेगात लिहिणारा ते गाळतोच. मग आउटलाइन, म्हणजे शब्दाची आकृती, वहीच्या छापील ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीला छेदून खाली गेली आहे, यावरून शब्द ओळखायचा. वही जुनी झाली, शाई पसरली किंवा पेन्सिल पुसट झाली की जाड-बारीक कळेनासे होते. त्यातून प्रत्येकाचे हात वेगळे. आमचे सर बजावायचे, डिक्टेशन थंड होऊ देऊ नका, त्याच दिवशी टाइप करा. मेग्ज यांचे डिक्टेशन तर शंभरावर वर्षे थंड झालेले. शिवाय ते जी पद्धत शिकले ती जुनी. १८५० च्या दशकाच्या अखेरीस पिटमन यांनी दीर्घ स्वरांच्या ठिपक्यांचा क्रमच उलटा केला. म्हणजे माझ्यासारखी वही उघडून आत्मविश्वासाने वाचायला बसली, तर ‘ई’ च्या जागी ‘आ’ वाचेल.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मेग्ज यांची कागदपत्रे आहेत. कुटुंबाची पत्रे, वह्या, नकाशे, छायाचित्रे. साधी अक्षरे वाचणाऱ्यांनी ती वाचली. पण शॉर्टहँडच्या वह्या बहुतेकांना बंदच होत्या. शेवटी लघुलेखनाचे जाणकार विल्यम मोर यांनी त्या उलगडल्या, आणि कॅपिटॉलच्या द्विशताब्दीनिमित्त २००१ मध्ये त्यांचा निवडक भाग सरकारने छापला. लेकीने तो जाडजूड ग्रंथ मला ग्रंथालयातून आणून दिला. घुमटाची परांची, संगमरवराचे पुरवठादार, भाषण सगळीकडे ऐकू जावे म्हणून चर्चमध्ये आणि नाट्यगृहांत जाऊन केलेला अभ्यास, युद्धाच्या तोंडावरचे दिवस, हे आज एवढ्या बारकाव्याने कळते ते एका माणसाला जाड-बारीक रेघ वाचता येत होती म्हणून.

मेग्ज प्रामाणिक होते, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. कंत्राटे मर्जीतल्या लोकांना देण्यावरून युद्धमंत्री फ्लॉइड यांच्याशी त्यांचे वाजले, तेव्हा १८६० मध्ये त्यांना फ्लोरिडाच्या टोकाकडच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवरच्या किल्ल्यावर धाडले. काही महिन्यांत ते परत आले आणि युद्धात त्यांच्या हातून दीड अब्ज डॉलर खर्च झाले. जानेवारी १८६२ मध्ये लिंकन त्यांच्या कार्यालयात येऊन शेकोटीपाशी बसले. पैसा नाही, सेनापती तापाने आजारी, आता काय करू, असे त्यांनी विचारले, हेही आपल्याला मेग्ज यांनी लिहून ठेवले म्हणून कळते. १८६४ च्या ऑक्टोबरात त्यांचा मुलगा जॉन, तोही लष्करी अभियंता, व्हर्जिनियात मारला गेला. त्याच वर्षी मेग्ज यांच्या सूचनेवरून ली यांच्या आर्लिंग्टनच्या इस्टेटीवर सैनिकांची दफनभूमी झाली होती. ली यांच्या पत्नीच्या गुलाबांच्या बागेला लागून त्यांनी मुद्दाम कबरी खणवल्या. ही कृती मला कठोर वाटली आणि अजूनही वाटते. जॉनची कबर मात्र पाहून मी उभीच राहिले. चिखलात पडलेल्या तरुणाची छोटी कांस्यमूर्ती, भोवती घोड्यांच्या टापांचे ठसे.

आता मूळ मुद्दा. मी निवृत्त झाले त्या महिन्यात माझ्या कार्यालयाने कपाटे रिकामी केली. माझ्या आणि माझ्या आधीच्या तीन लघुलेखकांच्या वह्या, १९६० च्या दशकापासूनच्या, रद्दीत गेल्या. त्यांत बैठका होत्या, दुष्काळी कामांच्या पाहण्या होत्या, टाइप करताना साहेबांनी गाळायला सांगितलेली वाक्ये होती. ‘या कोणाला वाचता येतात?’ असे मला विचारले. मला येतात, असे मी म्हणाले. तोपर्यंत टेम्पो भरला होता.

आज महाराष्ट्रात मिनिटाला शंभर-एकशे वीस शब्दांच्या गतीच्या परीक्षा दिलेली, इंग्रजी आणि मराठी दोन्ही शॉर्टहँड वाचणारी माझ्या पिढीची बरीच माणसे हयात आहेत. आमची विनंती एवढीच, की कार्यालयांनी, न्यायालयांनी, जुन्या संस्थांनी अशा वह्या टाकण्यापूर्वी जिल्ह्याच्या निवृत्त लघुलेखकांना एकदा दाखवाव्यात. घरी कुणाच्या आजोबांची, आईची वही असेल तर पहिल्या पानावर नाव, वर्ष आणि कार्यालय लिहून ठेवावे, वही कोरड्या जागी ठेवावी, आणि पुसट अक्षरांवर पेनाने गिरवू नये. गिरवले की जाड-बारीक कायमचे जाते.

आमच्या सरांच्या मुलीने गेल्या महिन्यात त्यांच्या अकरा वह्या माझ्याकडे आणून दिल्या आहेत. रोज संध्याकाळी दोन पाने होतात. आणखी कुणाला वाचून हव्या असतील तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. मोबदला नको.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका, मिरज