जीटी पकडली गेली

कोथरूड, पुणे
१४ जुलै

प्रिय शुभे,

आपली जीटी, म्हणजे ती ग्लास ट्रेसिंगची चोरी, पकडली गेली. तीस वर्षांनी! परीक्षकाने नाही, सानूने.

आधी बाकीचं उरकते. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो, साखर काठावर. चार महिने फोन केला नाही म्हणून शिव्या घालायच्यात त्या खुशाल घाल, पण सगळं वाचून मग घाल.

सानूचं आर्किटेक्चरचं वेड तुला माहीत आहे. म्हटलं, एकदा कल चाचणी करून घेऊ. कुठे ते लिहीत नाही, आपल्याकडे गल्लीला दोन आहेत. भाषेत पोरीने बाजी मारली, आणि ते ठोकळे मनात फिरवून ओळखायचे असतात ना, त्यात आपटली. समुपदेशक बाई गोड हसून म्हणाल्या, "मुलींना हे जरा कमीच असतं. इंटिरियरचा विचार करा." (इंटिरियरला जसं काही ठोकळे लागतच नाहीत!) आणि शुभे, मी मान डोलावली. वर म्हणाले, "माझंही तसंच होतं." सानू भांडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि रिक्षात कर्वे पुतळ्यापर्यंत एक शब्द नाही.

घरी आल्यावर तडक माळ्यावर. माझी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरची ड्रॉइंग शीट्स खाली काढली. "तुला जमत नव्हतं ना? मग हे काय?" मी गप्प. मग नाक कागदाला लावून म्हणते, "आई, हे अक्षर मागे का झुकलंय? तुझं तर पुढे पळतं."

तुझं डावखुरं अक्षर, बाई! हॉस्टेलमध्ये दोन खुर्च्यांवर काच, खाली टेबललॅम्प, वर तुझं शीट, त्यावर माझं. रात्री दोनला मी इतक्या निष्ठेने छापत होते की तुझ्या अक्षराचा कलसुद्धा छापला. सानूला म्हटलं, "मैत्रिणीने मदत केली." मदत!

त्या रात्री तू माझ्या चाळिशीला दिलेलं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायान हॅल्पर्नबाईंचं पुस्तक उघडलं. हो, तेव्हा उघडलं. इतकी वर्षं शोकेसमध्ये गणपतीमागे होतं. पण बाई प्रामाणिक आहेत. १९८६ च्या पहिल्या आवृत्तीचं काम हाती घेतलं तेव्हा त्यांना वाटत होतं, स्त्री-पुरुषांच्या बुद्धीतले फरक म्हणजे वाढवण्यातला फरक, सदोष प्रयोग आणि पूर्वग्रह, बाकी काही नाही. मग शोधनिबंधांचा ढीग वाचला आणि मत बदललं. काही फरक खरे आहेत, त्यात शरीराचाही वाटा आहे, म्हणाल्या. ठोकळे फिरवण्यात पुरुषांची सरासरी चांगलीच पुढे, लिहिण्यात बायकांची. मी पुस्तक मिटलं. म्हणजे ती गोड हसणारी बाई बरोबर?

चहा करून आले आणि पुढचं वाचलं. मग सापडेल ते वाचत सुटले, तुला माझा स्वभाव माहीत आहे. अमेरिकेत तेरा वर्षांच्या हुशार मुलांना सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचं गणित देतात. त्यात ७०० च्या वर जाणाऱ्यांत १९८० च्या सुमारास एका मुलीमागे तेरा मुलगे होते. पंचवीसेक वर्षांत ते तीनच्या आसपास आले. एवढ्यात काही बायकांचा मेंदू बदलत नाही. टोरांटोत २००७ मध्ये दहा तास मारधाडीचा व्हिडिओ गेम खेळायला दिला, तर ठोकळ्यांच्या चाचणीत मुलींनी मुलांपेक्षा जास्त प्रगती केली. आणि मी सानूच्या हातातून मोबाइल हिसकावत होते.

मला तुझं उदाहरण त्या समुपदेशक बाईंच्या तोंडावर फेकायचं होतं. पण हॅल्पर्नबाई सारखं बजावतात, एखादीच्या गोष्टीने काही सिद्ध होत नाही. एक शुभी म्हणजे पुरावा नव्हे. कबूल. पण मग माझंही उदाहरण पुरावा नव्हे ना? आणि मी तेच पोरीच्या माथी मारलं. त्यातही गंमत बघ, मला जमत नव्हतं हे मला कळलं कधी? एकही शीट मी स्वतः काढलं नव्हतं! न दिलेल्या परीक्षेत मी तीस वर्षं नापास आहे.

तुझ्यासाठी खास बातमी. याच हॅल्पर्नबाईंनी स्टॅन्ली कोरेन यांच्याबरोबर १९९१ मध्ये छापलं होतं की डावखुरे लवकर जातात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मृतांच्या नातेवाइकांना विचारून काढलेली सरासरी: उजवे ७५, डावे ६६. मी घाबरून तुझं वय मोजलं. मग टीकाकारांनी दाखवलं, म्हाताऱ्यांत डावखुरे कमी दिसतात कारण लहानपणी त्यांना दटावून उजवं केलं होतं. मेलेल्यांत डावे तरुणच जास्त सापडणार. कॅलिफोर्नियात कशाला जायचं, तुझ्या आजीने जेवताना तुझा डावा हात फडक्याने बांधला होता, तिला विचारलं असतं तरी चाललं असतं. जगाला नीट विचार करायला शिकवणाऱ्या बाईंचाही पाय असा घसरतो, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

आणि एक. तू सेकंड इयरला सायकॉलॉजीला पळालीस तेव्हा वैशाली हॉटेलात मी तुला पळपुटी म्हणाले होते. तू वर्षभर बोलली नाहीस. खरं कारण आज लिहिते: मशीन ड्रॉइंगची शीट्स आता कोण काढणार, या भीतीने माझी गाळण उडाली होती.

काल साबणाची वडी तिरकी कापून समोरून, वरून, बाजूने काढायला बसले. सानू मागून म्हणाली, "टॉप व्ह्यू वर काय काढतेस? तुझ्याच शीटवर तो खाली आहे." तेवढंच बोलली. पण बोलली.

सासूबाईंचं मोतीबिंदू झालं का? ओंकारला दहावीचा ताण देऊ नकोस, मी सांगतेय म्हणून हसू नकोस. तिळाची चटणी पोचली, संपली.

गणपतीत ये. जीटीचं मी सांगते सानूला, तू येण्याआधीच सांगते. तुझी मूळ शीट्स असतील तर तेवढी घेऊन ये. पोरीला अस्सल बघू दे.

तुझीच,
मंजू