रविवारच्या तालमीला येताना: लहान मुलांना गाडीत ठेवू नका

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये गणेशोत्सवाच्या नाचांची तालीम आहे. ह्यूस्टनचं ऑगस्टमधलं ऊन सगळ्यांना माहीत आहे. तरी "बाळ झोपलंय, मोठीला आत सोडून आलेच" हे पार्किंगमध्ये अजून ऐकू येतं. कृपया असं करू नका, दोन मिनिटांसाठीही नाही.

टेक्ससचा कायदा स्पष्ट आहे. 7 वर्षांखालचं मूल 5 मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडीत राहणार असेल, तर सोबत किमान 14 वर्षांची व्यक्ती हवी. म्हणजे 10 वर्षांची ताई चालत नाही. एसी चालू असला तरी नियम तोच. दंड 500 डॉलरपर्यंत आहे. मुलाच्या जिवाला धोका झाला तर याहून गंभीर गुन्हाही लागू शकतो.

पण खरी भीती दंडाची नाही. बंद गाडीत 10 मिनिटांत तापमान सुमारे 20 अंश फॅरनहाइटने वाढतं, काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही. आणि लहानग्यांचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

- झोपलेलं बाळ सोबत असेल तर दारासमोर गाडी थांबवा, खाली उतरू नका. स्वयंसेवक मोठ्या मुलांना आत नेतील.
- भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हा नियम आवर्जून सांगा. तिकडच्या सवयीने ते "मी इथेच उभा आहे ना" म्हणत लांब जातात.
- पर्स किंवा फोन मागच्या सीटवर, बाळाशेजारी ठेवा, म्हणजे उतरताना बाळ विसरलं जाणार नाही.
- कुणाचंही मूल गाडीत एकटं दिसलं, तर आधी 911 ला फोन करा, पालकांना नंतर शोधा.