हिरव्या शालूखालचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान ३ वर 'टेकडीने नेसला हिरवा शालू' ही वृक्षारोपणाची बातमी आणि तिच्यासोबतचा जेसीबीचा फोटो पाहिला. शालू काही दिसला नाही. उतारावरचं गवत मुळासकट सोललेलं मात्र स्वच्छ दिसलं. बातमीत पाहुण्यांची यादी आहे, रोपांचा आकडा दोनदा आहे. पाणी अडवायला उतारावर खणलेले चर पातळीत आहेत का, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

फोटोतला उजवीकडचा चर नुसत्या डोळ्यांनाही कलता दिसतो. त्याला 'समतल चर' म्हणतात ते काही शोभेसाठी नाही. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा १०० मीटरचा चर बरोबर पातळीत असेल, तर त्यात १८ हजार लिटर पाणी मावतं. त्याच लांबीत एका टोकाकडे १ मीटर उतार राहिला, तर पाणी फक्त शेवटच्या ३० मीटरांत साठतं, तेही पाचरीसारखं. म्हणजे जेमतेम २,७०० लिटर. उरलेलं सगळं त्या टोकाला एकाच जागी काठ ओलांडतं आणि तिथून घळ पडायला लागते. चर नसता तर तेच पाणी गवतातून पसरून, रेंगाळत उतरलं असतं. इथे ते खर्च करून गोळा केलं आणि एका धारेनं खालच्या सोसायट्यांवर सोडलं!

पातळी काढायला ड्रोन लागत नाही. दहा-बारा मीटर पारदर्शक नळी, खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या आणि दोन माणसं पुरतात; नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी आपोआप एका पातळीत येतं. नळीत बुडबुडा राहिला तर मात्र सगळी आखणी फसते, म्हणून पाणी भरल्यावर नळी नीट झटकून घ्यायची. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं. दर दहा-पंधरा मीटरवर चरात थोडी जागा न खणता सोडायची, म्हणजे एका तुकड्यातली चूक पुढच्याला भोवत नाही. माती खालच्या अंगाला टाकायची, पण काठापासून वीतभर सोडून. नाहीतर पहिल्याच सरीत ती परत चरात येते. त्या मातीवर लगेच कुसळी, पवना, मारवेल या गवतांचं बी टाकायचं. फोटोत माती वरच्या अंगाला दिसते. का, ते ठेकेदारालाच ठाऊक.

आता जेसीबीविषयी. एका हेक्टरवर दर १० मीटरला एक चर धरला तर १,००० मीटर खोदाई होते. हाताने खणलं तर ६०० चौरस मीटर गवत जातं, म्हणजे क्षेत्राच्या ६ टक्के. सव्वादोन-अडीच मीटर रुंदीचं यंत्र चराच्या कडेने फिरलं की निव्वळ त्याच्या वाटेखाली जवळपास पाव हेक्टर तुडवलं जातं. हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. अगदी निर्दोष चरही त्यातलं १ लाख ८० हजार धरतील. बाकीचं गवताने आणि मातीने थोपवायचं असतं, आणि पुण्याच्या टेकड्यांवर मुरमावर माती असते ती कित्येक ठिकाणी वीतभरच. तीच उकरून 'जलसंधारण' झालं म्हणायचं? आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर येऊन काय झालं, ते या शहराला नव्याने सांगायला नको.

फोटोखाली 'देशी रोपे' असं छापलंय. दिसतं ते गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), मध्य अमेरिकेतलं झाड. ते तगतं, भराभर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून हिशेबाच्या वहीत छान दिसतं. पण त्याच्या दाटीखाली गवत टिकत नाही आणि तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. या टेकड्यांची मूळ वस्ती म्हणजे गवत आणि त्यात विखुरलेली सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, हेंकळ ही झाडं. टिटवी, चंडोल, रातवा जमिनीवर अंडी घालतात. तिथे झाडांची भिंत उभी केली तर त्यांनी कुठे जायचं? अशा जागी रोप न लावणं हेही काम असतं. गवत वाळायला लागलं की जाळरेषा काढणं (वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा मोकळा करणं) आणि पावसाळ्यात चराई थांबवणं, एवढं केलं तरी टेकडी बरीच सावरते. पण त्याला फीत कापता येत नाही, ही अडचण खरी.

पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर 'जैववैविध्य उद्यान' असं आरक्षण आहे. मला तर त्या 'उद्यान' शब्दाचाच संशय येतो. तो वाचला की अधिकाऱ्यांना पेव्हर ब्लॉक आणि कारंजी दिसू लागतात. त्या जमिनींच्या मालकांना ८ टक्के टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्यायचं २०१५ मध्ये ठरलं. तो पुरेसा की अपुरा, यावर जरूर वाद घाला. पण वाद मिटेपर्यंत निदान उतार तरी उकरू नका.

जाता जाता एक. मागच्या पत्रातले सगळे आकडे आपण 'जागेअभावी' गाळलेत आणि नमस्कार तेवढा छापलात. या वेळी जागा कमी पडली, तर कृपया नमस्कार गाळावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे