संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : १९६२चा अहवाल खुला करा

माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार.

१९६२च्या नोव्हेंबरात मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही तेव्हाही पार्ल्यातच राहत होतो. एका संध्याकाळी आईने साबणाचे पाणी लावून हातातल्या दोन पाटल्या उतरवल्या, रुमालात बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय संरक्षण निधीत देऊन आली. त्यांची पावती माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली असली तरी वजनाचा आकडा वाचता येतो. त्या पाटल्या परत मागण्यासाठी हे पत्र अर्थातच नाही. पण माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यातली निम्मी तपासणी विभागात, आणि पावती फाडली की हिशेब द्यावा लागतो ही गोष्ट अंगात मुरली आहे. चीनबरोबरच्या त्या युद्धाचा निदान लष्करी हिशेब तरी लिहून तयार आहे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी तो चौकशी अहवालाच्या रूपाने १९६३ सालीच सादर केला. तो आजही सरकारी कुलपात आहे. तो खुला करावा, एवढीच माझी मागणी आहे.

तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन हे आमचेच खासदार. त्याच वर्षी उत्तर मुंबईने आचार्य कृपलानींना पाडून त्यांना निवडून दिले होते आणि वडिलांचे मतही त्यांनाच होते. वर्ष सरायच्या आत मेनन यांना पद सोडावे लागले आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हा आम्हा पोरांच्याही तोंडी होते. मंत्री बदलला, म्हणजे जबाबदारी ठरली, असे घरातल्या मोठ्यांना वाटले असावे. पण एका माणसाने खुर्ची सोडली म्हणून सरकारला काय ठाऊक होते आणि त्यातले किती लोकांपासून राखून ठेवले होते, हे काही बाहेर येत नाही.

लडाखमधल्या अक्साई चीनमधून जाणारा चीनचा रस्ता १९५७ साली पुरा झाल्याचे चीनने स्वतःच जाहीर केले होते. आपल्या सरकारने त्याबद्दल चीनकडे लेखी निषेध नोंदवला तो ऑक्टोबर १९५८मध्ये, आणि संसदेला ही गोष्ट कळली ऑगस्ट १९५९मध्ये. मधले दहा महिने पेकिंगला जे ठाऊक होते ते आपल्या खासदारांना ठाऊक नव्हते. पुढे १२ ऑक्टोबर १९६२ रोजी पंतप्रधान नेहरूंनी कोलंबोला निघताना पत्रकारांना सांगितले की, आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिलेल्या आहेत. ज्यांच्या भरवशावर हे सांगितले गेले, त्या नामका चू या सीमेवरच्या नदीच्या काठावरच्या जवानांपैकी अनेकांच्या अंगावर उन्हाळी कपडे होते आणि काडतुसे मोजकी होती. आठ दिवसांनी, २० ऑक्टोबरला, हल्ला झाला. खोटे बोलणे वेगळे आणि न सांगणे वेगळे, असे म्हणायची सोय राज्यकर्त्यांना नेहमीच असते; सरकारी आकड्यांनुसार जे १,३८३ जण मारले गेले आणि जे १,६९६ बेपत्ता झाले, त्यांच्या घरच्यांना त्या फरकाचे काय करायचे?

यशवंतरावांबद्दल मला आदर आहे, तरी हेही लिहिले पाहिजे. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत चौकशीचा गोषवारा सांगितला, प्रशिक्षण, साहित्य, नेतृत्व, शारीरिक तयारी यांतल्या उणिवा मान्य केल्या, आणि सुरक्षेचे कारण देऊन मूळ अहवाल ठेवून घेतला. त्या वर्षी ते कारण पटण्याजोगे होते. शिवाय चौकशीची चौकटच लष्करी कारवाईपुरती आखलेली होती. वरच्या निर्णयांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरले होते. ज्याने व्हाउचरवर सही केली त्याला वगळून फक्त रोखपालाला जाब विचारण्यासारखेच हे झाले.

ब्रिटनचे उदाहरण देताना संकोच वाटतो, कारण त्यांनी इराकमध्ये जे केले त्याचे कौतुक करण्यासारखे काही नाही. सप्टेंबर २००२च्या सरकारी पुस्तिकेत इराक ४५ मिनिटांत संहारक शस्त्रे वापरू शकतो, असे छापले होते. मुळातली गुप्त माहिती रणांगणावरच्या कमी पल्ल्याच्या शस्त्रांविषयी होती, पण पुस्तिकेत तो खुलासा नव्हता. अशी शस्त्रे सापडलीच नाहीत. १७९ ब्रिटिश सैनिक गेले, इराकी किती गेले याला सीमा नाही. पण त्या युद्धाच्या चौकशीसाठी २००९ साली नेमलेल्या चिल्कॉट समितीने ६ जुलै २०१६ रोजी बारा खंडांचा, सुमारे २६ लाख शब्दांचा अहवाल लोकांपुढे ठेवला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जुलै २००२मध्ये, म्हणजे युद्धाबाबत संसदेत झालेल्या मतदानाच्या जवळजवळ आठ महिने आधी, अध्यक्ष बुश यांना ‘काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर असेन’ असे लिहिलेले टिपणही त्या वेळी प्रसिद्ध झाले. ब्लेअर जाणूनबुजून खोटे बोलले, असे समितीने कुठेही म्हटलेले नाही. मिळालेल्या माहितीला आधार नसलेली खात्री देऊन ती मांडली गेली आणि शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध पत्करले गेले, एवढेच म्हटले. ब्लेअर यांना शिक्षा झाली नाही. तरीही मेलेल्या सैनिकाच्या आईला ते टिपण स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आले.

आपल्याकडे पक्ष बदलतात, उत्तर बदलत नाही. २०१० साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की, अहवालातील मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. मार्च २०१४मध्ये विरोधी पक्षात असताना अरुण जेटली यांनी जुनी कागदपत्रे लोकांपासून किती काळ लपवायची, असा रास्त सवाल केला. त्याच वर्षी जुलैत, संरक्षणमंत्री म्हणून, अहवाल अंशतः खुला करणेही राष्ट्रहिताचे नाही, असे लेखी उत्तर त्यांनीच राज्यसभेत दिले. या उत्तराच्या आधीच नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने अहवालाचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकलेला होता. म्हणजे चीनला तो वाचता येतो, पत्रकारांना वाचता येतो, आणि आपले मंत्रालय मात्र तो गुप्त असल्याचे सांगत राहते.

आपल्याच मंत्रालयाचे २०२१चे धोरण असे आहे की, युद्धांची कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांनी खुली व्हावीत आणि त्याहून जुनी तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यावीत. हेंडरसन ब्रुक्स अहवालाला साठ वर्षे उलटून गेली. एखाद्या खिंडीचे किंवा चौकीचे वर्णन आजही झाकावे लागणार असेल, तर तेवढ्या ओळी काळ्या करा. कारगिल समितीचा अहवाल २००० साली तसाच, काही भाग वगळून, संसदेपुढे ठेवला होता आणि त्याने देशाचे काही बिघडले नाही.

पाटल्यांच्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ प्रत मी माझ्याकडे ठेवली आहे.

आपला,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई येथील एक मतदार