कुठवर आलीस?

बर्लिन,
२८ डिसेंबर

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी हे पत्र कशाला, म्हणशील. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर मी काही सांगायला घेतलं की तू मध्येच "जेवलीस का?" विचारतेस आणि सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय, चष्मा लावून तूच वाच. दादाला नको देऊ, तो शेवटची ओळ आधी वाचतो.

आधी एक खोटं कबूल करते. मी इकडे यायला निघाले तेव्हा बाबांनी माझ्या हातातल्या बॅगेत लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घातलं होतं, आठवतं? कालनिर्णयच्या जुन्या पानाचं कव्हर घालून. मग दर रविवारी फोनवर तोच प्रश्न, "कुठवर आलीस?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "अर्ध्यावर." चार महिने मी अर्ध्यावरच होते. खरं तर पहिलं पानही उलटलं नव्हतं. एकदा त्यांनी सापळा लावला, लक्ष्मीबाईंच्या नवऱ्यावरून. म्हणाले, "टिळक घर सोडून गेले का गं?" मी ठोकून दिलं, "हो, मागच्याच आठवड्यात वाचलं." ते म्हणाले, "कितव्यांदा?" मला काही सुचेना. तिकडून नुसतं हसणं ऐकू आलं, खोकला येईपर्यंत. "वाईची, विश्वकोशाच्या गावची पोर तू, आणि पुस्तक उघडायला जड," म्हणाले, आणि फोन तुझ्याकडे दिला.

मार्चमध्ये ते गेले. तेरावा झाला त्या रात्री आपण तिघं माझी बॅग भरत होतो. दादा बॅग हातात धरून वजनकाट्यावर उभा, मग बॅगेशिवाय उभा, आणि तू पाटीवर वजाबाकी करत होतीस. तेवीस किलोच्या वर दोन किलो जात होते. मी बाबांची पुस्तकं काढायला लागले, तर तूच माझा हात बाजूला केलास आणि भाजणीची पिशवी बाहेर काढलीस. काही बोलली नाहीस. गोडा मसाला मात्र राहिला आणि तो वाटेत थोडा सांडला. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' उघडलं की अजून आमटी आठवते.

इथे आल्यावर 'स्मृतिचित्रे' उघडलं ते भुयारी रेल्वेत, कामावर जाताना. पहिल्याच प्रकरणांत लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळ्याचं वेड, घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याचं, आणि मी डब्यात एकटीच हसतेय. समोरची बाई जरा सरकून बसली. बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. टिळक इतक्या वेळा न सांगता निघून जातात की मोजायचं मी सोडूनच दिलं. पण १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, ती वर्षं वाचताना हसू गेलं. मला त्या माणसाचा फार राग आला, अजूनही आहे. बायकोला घरी अक्षरं शिकवली त्यांनीच, आणि तिच्या पायाखालची जमीनही काढून घेतली त्यांनीच. पुढे त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' काव्य तिनेच पुरं केलं. हे बाबांना सांगायचं होतं. त्यांनी टिळकांची बाजू घेतली असती, नक्की. आपलं मस्त भांडण झालं असतं.

आता दुसरी गोष्ट, जी तुला सांगितलीच नाही. जूनमध्ये माझी नोकरी गेली. आमची अख्खी टीमच बंद केली, दहा मिनिटांच्या एका मीटिंगमध्ये. नवी लागली सप्टेंबरच्या शेवटी. मधले तीन महिने तुझ्याशी रोज "ऑफिसात काम आहे गं" म्हणून बोलले, ते वाचनालयातून. चिडू नकोस. तुझं ब्लडप्रेशर आणि माझा व्हिसा, दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं होतं.

इथे शहरातल्या सगळ्या सार्वजनिक वाचनालयांचं मिळून एकच कार्ड, वर्षाला १० युरो. ब्ल्युशरप्लात्झला एक मोठं वाचनालय आहे, अमेरिकेच्या मदतीने १९५४ साली सुरू झालेलं. खिडकीजवळच्या एका टेबलावर मी अर्ज भरायची, आणि नकार आला की उठून लहान मुलांच्या कपाटाकडे जायची. जर्मन माझं तेवढंच. तिथेच एरिश केस्टनरचं 'एमिल' मिळालं, १९२९ सालचं, याच शहरात घडणारं. एमिल आगगाडीने एकटा बर्लिनला आजीकडे निघतो. आई लोकांचे केस करून पोट भरते, तिने त्याला १४० मार्क दिलेले. पैसे पडू नयेत म्हणून तो ते कोटाच्या आत टाचणीने अडकवतो. तरी चोरी होतेच. त्या टाचणीपाशी मी पुस्तक मिटून ठेवलं. पहिल्यांदा मी पुण्याला कॉलेजला निघाले तेव्हा तू परकराला आतून चोरखिसा शिवला होतास आणि स्वारगेटला उतरेपर्यंत हात काढू नकोस म्हणाली होतीस. अख्खा खंबाटकी घाट मी पोटावर हात ठेवून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, पोट दुखतंय का. एका पानाला पाऊण तास लागायचा, पण पुस्तक पुरं केलं.

ऑगस्टमध्ये घर बदललं ते तुला ठाऊक आहे. खोक्यांवर बसून व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' वाचलं. कॉलेजात वाचलं होतं तेव्हा मास्तर जरा कंटाळवाणा वाटला होता. या वेळी तो पहिल्यांदा गावात येतो आणि शाळेत पोरंच नसतात, तिथे मला सगळं ओळखीचं वाटलं. इथेही मजल्यावर कोण राहतं ते मला महिनाभर कळलं नव्हतं. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. त्या पानावर बाबांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलंय, "७२". बाकी अक्षर नाही. माणमधली त्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, हे त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुला सांगितलं होतं का?

आणि मुख्य गोष्ट हीच, पेन्सिलीची. मी आणलेल्या बाबांच्या तिन्ही पुस्तकांत समासात मधूनमधून "हि.वा.दा." असं आहे, पुढे बरोबरची खूण आणि तारीख. मला वाटलं, एसटीच्या हिशेबातलं काहीतरी असेल, डेपोतली सवय. कोणा माणसाचं नाव असेल असंही वाटलं. शेवटी 'स्मृतिचित्रे'त एके ठिकाणी त्यांनी अख्खं लिहिलेलं सापडलं: "हिला वाचून दाखवणे."

मग एकदम ती स्वयंपाकघरातली संध्याकाळ दिसली. तू ओट्याखाली पाट टाकून मटार सोलतेयस, बाबा उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचतायत, आणि आतल्या खोलीतून मी ओरडतेय की माझी दहावी आहे, जरा हळू वाचा. मला वाटायचं त्यांना स्वतःचा आवाज आवडतो. ते दिवसभर तुझ्यासाठी निवडून ठेवत होते, हे आत्ता कळलं.

'युगान्त' सप्टेंबरात वाचलं. मग एका शनिवारी डालेमला गेले. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी याच बर्लिनमध्ये शिकत होत्या, एमिलच्या काळातच म्हण ना. त्यांची मानववंशशास्त्राची संस्था होती ती इमारत अजून आहे, ईनेश्ट्रासे २२. आता विद्यापीठाचे वर्ग भरतात तिथे. संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखाला वाटत होतं की कवट्यांच्या मोजमापातून वंशांमधला उच्चनीचपणा दिसेल. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही म्हणून लिहून दिलं. परकी मुलगी, मार्गदर्शक तोच, पदवी त्याच्याच हातात. पुढे त्या संस्थेने नाझींना काय काय पुरवलं, त्याची पाटी भिंतीवर आहे. मी बराच वेळ बाहेर उभी होते. पाऊस होता, आणि तीन महिन्यांचे नकार खिशात घेऊन मी अगदी फुटकळ दिसत असणार. पण पुढच्या आठवड्यातल्या मुलाखतीत मला ठाऊक नव्हतं ते सरळ "ठाऊक नाही" म्हणून सांगितलं. नोकरी तिथेच लागली.

परवा बेबेलप्लात्झवरून चालले होते. १९३३ च्या मे महिन्यात तिथे पुस्तकं जाळली, केस्टनरची पण, आणि तो स्वतः गर्दीत उभा राहून बघत होता. आता तिथे जमिनीत एक काच आहे, खाली पांढरी रिकामी कपाटं, वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. बघितलं आणि आपलं बैठकीतलं कपाट डोळ्यांपुढे आलं. दादा म्हणतोय ते बरोबर आहे, पोराच्या टेबलाला जागा हवी. वाचनालयाला द्या, चालेल मला. पण देण्याआधी वहिनीला प्रत्येक पुस्तक चाळायला सांग. "हि.वा.दा." दिसलं की बाजूला ठेवायचं. रद्दीत तर एकही नाही.

आणि एक विचारायचंय. 'युगान्त'मध्ये गांधारीचं प्रकरण आहे. शेवटी म्हातारपणी, रानात, ती डोळ्यांवरची पट्टी काढते. तिथे समासात "हि.वा.दा." आहे, पण पुढे खूण नाही, तारीखही नाही. बाकी सगळीकडे आहे. तुला दाखवलं होतं का वाचून? आठवून बघ.

नसेल, तर येत्या रविवारी तुझ्याकडे साडेपाच वाजता, म्हणजे माझ्या एकला, फोन करते. स्पीकरवर ठेव आणि मटार घेऊन बस. वीसेक मिनिटं लागतील. मध्ये "जेवलीस का" विचारायचं नाही.

दादा-वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. कोणी इकडे येणारं असेल, तर भाजणी पाठव. या वेळी बॅगेत दुसरं काही नको.