स्वयंसेवकांचीही पडताळणी करा: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स. न.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघड झाल्यावर सरकारने लगोलग शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेतल्या सखी सावित्री समित्या, सगळं त्यात आलं. पण तो शाळांसाठी होता. तीच मुलं सुट्टीत संग्रहालयात येतात, आणि तिथला प्रश्न आपल्या खात्याचा आहे.

नागपूरचा अजब बंगला, कोल्हापूरचं टाउन हॉल, औंधचं भवानी संग्रहालय ही सरकारी संग्रहालयं आपल्याच अखत्यारीत आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात तर २०१९ पासून खास मुलांचं संग्रहालय आहे. काचेतून बघून पुढे सरकण्याचे दिवस आता गेले. मातीकाम होतं, मोडीचे वर्ग होतात, मे महिन्यात शिबिरं भरतात. आईबाप मुलांना सोडून जातात आणि दोन तासांनी न्यायला येतात. हे व्हायलाच हवं. पण त्या दोन तासांत मूल असतं ते बऱ्याचदा माझ्यासारख्या स्वयंसेवकांच्या हाती. मी अशा कार्यशाळा घेते. माझ्याकडून आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, टी-शर्ट दिला आणि मुलांचा गट हवाली केला!

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालचे नियम, २०२० सांगतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करावी. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी यांची नावं तिथे आहेत. संग्रहालयाला ‘मुलांसाठीची अन्य सुविधा’ यात बसवावं लागतं. आणि स्वयंसेवक तर कर्मचारीच नव्हे. पगार नाही, हजेरीपट नाही, म्हणून पडताळणीही नाही. ब्रिटनमध्ये मुलांना नियमित सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचीही सरकारी तपासणी होते, आणि तिचं शुल्क त्याच्याकडून घेत नाहीत.

अर्थात, नुसत्या पोलीस दाखल्यावर माझा फार भरवसा नाही. ज्याच्यावर गुन्हाच नोंदला गेला नाही त्याचा दाखला कोराच येणार. म्हणून आधीच्या संस्थेला फोन करून विचारावं, “या व्यक्तीला पुन्हा मुलांबरोबर काम द्याल का?” पलीकडचा माणूस घुटमळला तरी पुष्कळ कळतं. शिवाय कोणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा राहणार नाही, हा नियम हवा. अंधाऱ्या दालनात नाही, कोठीत नाही, स्वच्छतागृहात तर नाहीच. त्याने आम्हा स्वयंसेवकांवरही कोणी उगाच बोट ठेवणार नाही.

राज्याने बालसंरक्षण धोरण ठरवावं, असं पॉक्सो नियमांतच आहे. आपण संग्रहालयांसाठी वेगळं परिपत्रक काढावं आणि त्यात ‘स्वयंसेवक’ व ‘प्रशिक्षणार्थी’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. खासगी न्यासांना अनुदान देताना तीच अट घालावी. दाखल्याची फी संग्रहालयाने भरावी, नाहीतर कॉलेजची मुलं यायची बंद होतील. तक्रार दाबणं हा पॉक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे, हे अभिरक्षकापासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळ्यांना सांगितलं जावं, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिकीट खिडकीवरच लावावा.

परिपत्रक उन्हाळी शिबिरांची नोंदणी सुरू होण्याआधी निघालं, तर येत्या मे महिन्यातच ते लागू करता येईल.

आपली,
एक संग्रहालय स्वयंसेविका